सासूबाईंसोबत अंजनेरीच्या तळ्यापर्यंत – तीन दिवस

आमच्या सातपूरच्या घराच्या गच्चीवरून पाऊस उघडला की पश्चिमेला अंजनेरीचा डोंगर स्वच्छ दिसतो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तिकडे तोंड करून हात जोडतात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्यांचं माहेर महिरावणीचं, त्र्यंबक रोडवरचं, तिथून तर डोंगर अजूनच अंगावर आल्यासारखा दिसतो. लहानपणी वडिलांबरोबर श्रावणातल्या शनिवारी त्या गडावर जायच्या, अनवाणी, घरून भाकरी बांधून. शेवटचं गेल्या ते लग्नाच्या आदल्या वर्षी आणि त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली. रोज डोळ्यासमोर डोंगर आणि वर जाणं नाही, संसार म्हणजे असंच असतं बहुतेक.

यंदा पितृपक्ष लागला आणि दुसऱ्याच दिवशी पोळ्या लाटता लाटता एकदम म्हणाल्या, "अगं, मला एकदा तळं बघून यायचंय. अंजनीआईच्या इथलं. बाबांची फार आठवण येतीय." ह्यांनी लगेच सांगितलं की गाडीने त्र्यंबकला नेऊन आणतो, आरामात दर्शन कर. त्यावर आई शांतपणे म्हणाल्या की दर्शन तर होईलच रे, पण मला चढून जायचंय. मग कोणी काही बोललं नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली, जाऊबाईंची मुलगी बीएस्सीला आहे बॉटनी घेऊन, दुसऱ्या वर्षाला, ती म्हणे काकू मी पण येणार, अंजनेरीचं कंदीलपुष्प मला बघायचंच आहे. अशा आम्ही तिघी निघालो. शेजारच्या काकूंनी विचारलं की पितृपक्षात कसं काय फिरायला, तर आई म्हणाल्या तीर्थाला जायला पितृपक्ष आडवा येत नाही, उलट बरं.

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळी सातची एसटी. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय त्यामुळे आईंना गाडीपेक्षा एसटीच आवडते, खिडकीशी बसून बाहेर बघत जाता येतं, शिवाय ओळखीच्या चार बायका भेटतात. सातपूरची कारखान्यांची गर्दी संपली की पुढे एकदम हिरवं सुरू होतं. भात पोटरीत आलेला, वरच्या बरड जमिनीवर नागली आणि वरई, आणि मधूनच खुरासणीच्या शेतात पहिली पिवळी फुलं. महिरावणीच्या स्टॉपला आईंनी मान वळवून वळवून बघितलं. आता तिथे त्यांचं कोणी राहात नाही, भाऊ नाशिकलाच आलेत. मग त्या सांगायला लागल्या की त्यांच्या लहानपणी कोणी पण गडावरून खाली आलं की गावातली म्हातारी माणसं देवाचं नंतर विचारायची, आधी विचारायची, तळ्याला पाणी किती आहे. कोणी म्हणायचं पायरीपर्यंत, कोणी म्हणायचं काठोकाठ, आणि त्यावरून वर्ष कसं जाणार याचा हिशोब पारावर बसून व्हायचा.

त्र्यंबकला उतरलो तर भयंकर गर्दी. पितृपक्षात इथे विधी करायला कुठून कुठून लोक येतात, त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं चाललेली, त्यामुळे चिखल, खडी, बॅरिकेड सगळं एकत्र. मंदिराची रांग बघून आई म्हणाल्या आधी कुशावर्तावर जाऊ.

कुशावर्त कुंड माझं खूपदा बघून झालंय, पण नीट बसून मी पहिल्यांदा बघितलं. चौकोनी दगडी कुंड, चारी बाजूंनी ओवऱ्या, पायऱ्यांवर ओले कपडे, दर्भ, पिंडांचा भात, आणि मधे ते हिरवट शांत पाणी. सिंहस्थात साधूंचं शाहीस्नान याच एवढ्याशा कुंडात होतं. गोष्ट सगळ्यांना माहिती आहे की गौतम ऋषींच्या हातून गाय मेली, ते पाप धुवायला त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून गंगा आणली, पण गंगा काही एका जागी थांबेना, इथे दिसायची आणि गुप्त व्हायची, तिथे दिसायची आणि गुप्त व्हायची, शेवटी गौतमांनी कुश म्हणजे दर्भ तिच्याभोवती फिरवून तिला इथे अडवली म्हणून कुशावर्त. मला या गोष्टीत ते दर्भ फार आवडतात. एवढी मोठी नदी अडवायला काय वापरलं तर गवत. आणि त्यात तथ्य आहेच ना, डोंगरावर गवत असेल, झाडोरा असेल, तर पाणी थांबतं, मुरतं, नाहीतर धो धो पडून वाहून जातं.

आईंनी दोन पायऱ्या उतरून वडिलांच्या नावाने पाण्याची ओंजळ सोडली. कोणी गुरुजी नाही की मंत्र नाही. बाजूला एक गुरुजी कोणाचा तरी विधी करत होते, त्यांनी बघितलं आणि काही न बोलता हातातली थोडी काळी तीळ आईंच्या ओंजळीत घातली. आईंच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या पण आलं. घरून आणलेला छोटा तांब्याचा गडू भरून घेतला.

मंदिरात दोन तास रांगेत गेले. नानासाहेब पेशव्यांनी सुरू केलेलं हे काळ्या दगडाचं मंदिर, सकाळच्या उन्हापेक्षा पावसात जास्त सुंदर दिसतं असं मला वाटतं, दगड ओला झाला की कोरीवकाम उठून येतं. गाभाऱ्यात इतर ठिकाणासारखी पिंड वर आलेली नाही, खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा विष्णू महेश. आरशात बघून दर्शन घेतलं आणि बाहेर. नंतर निवृत्तिनाथांच्या समाधीला गेलो, तिथे मात्र निवांत होतं, एक आजोबा एकटेच हरिपाठ म्हणत बसलेले, त्यांच्या मागे बसून आम्ही पण म्हटला. पौषातल्या वद्य एकादशीला इथे यात्रा भरते तेव्हा दिंड्यांनी सगळं त्र्यंबक भरून जातं. लहान असताना हेच निवृत्तिनाथ ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाला घाबरून वाट चुकले आणि गुहेत शिरले तर तिथे गहिनीनाथ बसलेले, अशी कथा. म्हणजे आपल्या वारकरी पंथाची एक मुळी या जंगलात आहे. वाघ होता, जंगल होतं, म्हणून गुरू भेटले असं आई म्हणतात.

दुपारी जेवून गंगाद्वार. सातशेच्या वर पायऱ्या आहेत. आईंनी दर पन्नास पायऱ्यांना थांबायचं ठरवलं आणि तसंच केलं, वाटेत एका कातकऱ्यांच्या पोरीकडून काकडी घेतली, मीठ तिखट लावून. वर ब्रह्मगिरीच्या सरळ काळ्या कड्याला चिकटून गंगेचं छोटं मंदिर, कड्यातून पाणी झिरपत येतं. जवळच कोलंबिका देवी, आणि गुहेत एकशे आठ शिवलिंगं. खाली त्र्यंबक गाव म्हणजे हिरव्या वाटीत ठेवलेलं खेळणं वाटतं. पावसाची एक सर आली, कड्यावरून बारीक बारीक धारा सुटल्या, वाऱ्याने त्या खाली पडायच्या ऐवजी परत वर उडत होत्या. पुतणी म्हणाली आजी, पाणी परत डोंगराकडे चाललंय बघ. आजी खूप वेळ तेच बघत बसली.

राहायला एक लॉज आधीच फोनवर ठरवलं होतं, गेलो तर म्हणे गर्दीमुळे रेट वाढलाय, बोललो त्याच्या दुप्पट. त्या वेळेला कुठे शोधणार, दिले. म्हातारी माणसं बरोबर असलेल्यांची अशी अडवणूक करू नये एवढं मात्र वाटलं. गरम पाणी पण सकाळी मिळालं नाही.

दुसरा दिवस, शनिवार

पाचला उठलो, थंड पाण्यानेच अंघोळी उरकल्या आणि साडेपाचला ब्रह्मगिरीची वाट धरली. ब्रह्मगिरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९५ मीटर, पण त्र्यंबक गावच बऱ्यापैकी उंचीवर आहे त्यामुळे चढ जमण्यासारखा आहे. मी मनात ठरवलं होतं की आईंना त्रास व्हायला लागला की अर्ध्यातून फिरायचं. सुरुवातीला बांधीव पायऱ्या, दोन्ही बाजूंना झाडी, मग कातळ सुरू होतो आणि कड्याच्या पोटातून खोदलेल्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवरून पाणी वाहात होतं. एका हाताने भिंत, एका हाताने माझा खांदा, असं करत आई चढल्या. दगडात कोरलेला मारुती लागला तिथे दोन मिनिटं टेकल्या, म्हणाल्या उद्या तुझ्या घरी येतेय रे बाबा, पायात बळ दे.

वर पोचलो तर काहीच दिसेना, सगळं ढगात. दहा फुटांवरचा माणूस दिसत नव्हता, फक्त आवाज. माकडं मात्र बरोबर आली, पुतणीच्या हातातली बिस्किटांची पिशवी गेलीच. मग वाऱ्याने ढग थोडा बाजूला झाला आणि एकदम मोठं उघडं पठार समोर, गवत गुडघ्याएवढं, त्यात तेरड्याचे गुलाबी पट्टे आणि सोनकी नुकती सुरू झालेली. बोलणंच सुचेना.

मूळगंगेच्या मंदिरात औदुंबराच्या मुळाशी गोदावरी पहिल्यांदा प्रकट झाली असं मानतात. आत छोटंसं कुंड. एवढंच पाणी. ओंजळभर म्हणावं असं. आणि हेच पुढे १,४६५ किलोमीटर जातं, नाशिक, पैठण, नांदेड करत आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळतं. अरबी समुद्र इथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि नदी मात्र पाठ फिरवून सगळी दख्खन ओलांडून पूर्वेला जाते. त्याच डोंगररांगेच्या पश्चिमेच्या अंगाला वैतरणा उगवते, ती अरबी समुद्राला. म्हणजे डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस, दोन पावलं इकडे पडला तर नाशिकचा आणि पैठणचा, दोन पावलं तिकडे पडला तर मुंबईच्या नळाचा. हे मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं दोघी बहिणी. एक माहेरच्या जवळ दिलेली, एक लांब दिलेली."

आमच्या घरी नळाला येतं ते गंगापूर धरणाचं पाणी, म्हणजे गोदावरीचंच. रोज बादली भरताना हे डोक्यात येत नाही. त्या मंदिरात उभं राहिल्यावर आलं, आणि नळ गळत असेल तर तो बंद करायचा कंटाळा आता कधी करणार नाही असं मी तिथे मनाशी ठरवलं.

जटा मंदिराला पण गेलो. शंकराने गंगेला सोडायला जटा आपटल्या त्याच्या खुणा कातळात दाखवतात. तिथून पूर्वेला ढग फाटला आणि अंजनेरी दिसला. आईंनी लांबूनच बोट करून दाखवलं की त्या तिथे, त्या खांद्यावर तळं आहे, इथून दिसणार नाही. मग तिथेच खाली बसून डबा खाल्ला, मेथीचे ठेपले, लसणाची चटणी आणि गूळ.

उतरताना त्रास झाला. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला वाईट असतं हे ऐकून माहीत होतं, पण आईंचा चेहरा बघून कळलं. शेवटच्या टप्प्यात शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय सरकला आणि त्या बसल्या, हाताला खरचटलं. मी घाबरून म्हणाले आई, उद्याचं राहू द्या, पुन्हा कधीतरी करू. त्या काहीच बोलल्या नाहीत. खाली येऊन चहा घेतला, मग म्हणाल्या, "सत्तेचाळीस वर्षं पुन्हा कधीतरीच म्हणत होते मी." संध्याकाळी गुडघ्यांना तिळाचं तेल गरम करून चोळलं, पट्टा बांधला, नऊला झोपलो.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी त्र्यंबकवरून नाशिककडच्या एसटीने अंजनेरी फाट्याला उतरलो, सहा-सात किलोमीटरच आहे. फाट्यावरून पायथ्यापर्यंत एक रिक्षावाला भाऊ तयार झाला. वाटेत गावात जुन्या पडक्या मंदिरांचे अवशेष आहेत, यादवकालीन, हिंदू आणि जैन दोन्ही. त्यातल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा शिलालेख आहे, सेऊणचंद्र यादवाच्या वेळचा, चंद्रप्रभाच्या मंदिराला दिलेल्या दानाचा. आत्ता तिथे शेळ्या बसलेल्या होत्या, कोरीव खांबाला टेकून. इथेच नाण्यांचं संग्रहालय आणि संशोधन संस्था पण आहे, १९८० पासूनची, शाळेत असताना आमची सहल आली होती. यावेळी वेळ नव्हता.

वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. नाक्यावरच्या दादांनी आईंकडे बघून विचारलं, "मावशी, जमेल ना?" आई म्हणाल्या, "माझं माहेर आहे इथलं." बस, पुढे काही विचारलं नाही, उलट त्यांनी स्वतःची काठी काढून दिली आणि म्हणाले उतरल्यावर परत आणा.

वाट सुरुवातीला झाडीतून आहे. कारवी दाट, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. पुतणी दर दोन मिनिटांनी वाकून बघणार. मग घळ सुरू झाली, दोन्हीकडून उंच कडे आणि मधून पायऱ्या, कड्यांवरून पाणी सुटलेलं, अंगावर तुषार. वर कड्याच्या कपारीत पांढरे पट्टे दिसत होते, ती गिधाडांची शीट. लांब चोचीची गिधाडं इथे घरटी करतात. एक दिसलं पण, पंख न हलवता घळीच्या वरून गोल फिरत गेलं. आई म्हणाल्या पूर्वी गावात ढोर मेलं की आकाश काळं व्हायचं एवढी गिधाडं यायची, मग एकदम कुठे गेली कोणास ठाऊक. पुतणीने सांगितलं की गुरांना पूर्वी द्यायचे ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक, ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोपर्यंत बहुतेक गिधाडं गेलेली. आई थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आपणच मारली." कोणी काही उत्तर दिलं नाही.

घळीतच जैन लेणं आहे, पार्श्वनाथाची मूर्ती. आत गार. तिथे पाच मिनिटं टेकलो.

वर पठारावर आल्यावर वारा असा सुटला की आईंचा पदर मी हातात धरून ठेवला. सगळं पठार फुलांचं. सोनकी, तेरडा, निळी बारीक फुलं ज्यांची नावं पुतणी सांगत होती आणि मी विसरत होते. आणि मग ती एकदम गप्प झाली, गवतात गुडघ्यावर बसली आणि हाताने आम्हाला थांबा म्हणाली. कंदीलपुष्प. एवढंसं झाड, वीतभर पण नाही, त्याला एक फूल. ती म्हणाली, काकू, हे फक्त आपल्या नाशिकच्या या डोंगरांवर आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली आणि अंजनेरीचंच नाव दिलं, जगात नष्ट व्हायच्या काठावर असलेल्यांत याचा नंबर आहे. मग कंदीलपुष्पांची गंमत सांगितली. नळीत आतून बारीक केस असतात, खालच्या बाजूला वळलेले, वासाने छोटी माशी आत जाते आणि तिला वर येता येत नाही, मग फूल सुकायला लागलं की केस मऊ पडतात आणि माशी अंगाला पराग घेऊन सुटते, दुसऱ्या फुलाकडे. कैद पण आणि सुटका पण. तिने फोटो काढला पण लोकेशन बंद करून, आणि कुठे टाकणार नाही म्हणाली, कारण टाकलं की लोक उपटायला येतात. एकोणीस वर्षांच्या पोरीला ही समज आहे याचं मला फार बरं वाटलं.

अंजनीमातेच्या मंदिरात ओटी भरली. मारुतीचा जन्म इथला. २०२२ मध्ये यावरून केवढा वाद झाला होता, किष्किंधा का अंजनेरी, नाशिकला धर्मसभा पण भरली होती. मला तो वाद कळत नाही. मंदिरात अंजनीच्या मांडीवर बाळ मारुती आहे, एवढा गोड देव दुसरीकडे बघितला नाही, तो जिथे असेल तिथे जन्मलेलाच आहे.

आणि मग तळं.

मंदिरापासून थोडं पुढे गेलं की जमीन खाली उतरते आणि समोर पाणी. मोठं नाहीये फार. पण डोंगराच्या खांद्यावर, चारी बाजूंनी गवत, मागे बालेकिल्ल्याची भिंत आणि त्यावर सरकणारे ढग, आणि मधे ते काठोकाठ भरलेलं पाणी, वाऱ्याने बारीक सुरकुत्या पडत होत्या. आईंनी काठी मला दिली, चपला काढल्या आणि एकट्या पुढे गेल्या. आम्ही दोघी मागे थांबलो.

गोष्ट अशी आहे की जन्मल्यावर मारुतीला भूक लागली, सूर्य लाल फळासारखा दिसला आणि त्याने इथून उडी घेतली, उडताना डावा पाय जिथे रोवला तिथे जमीन दबून हे तळं झालं. वरून बालेकिल्ल्याच्या वाटेवरून बघितलं की आकार खरंच पावलासारखा दिसतो, पुतणी वर जाऊन फोटो काढून आली, टाच इकडे, बोटं तिकडे. आईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या बाबांनी मला खांद्यावर घेऊन वरून दाखवलं होतं, ते म्हणायचे लेकराच्या भुकेचं पाऊल आहे हे, म्हणून याला कधी कमी पडत नाही.

त्यांच्या लहानपणी भाकरी सोडून इथेच बसायचे आणि हेच पाणी ओंजळीने प्यायचे. आता पाणी प्यायचं मनात पण येत नाही. काठावर एका बाजूला कुरकुऱ्यांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, अगरबत्तीचे पुडे, एक फाटका रेनकोट. आई ते बघून खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग कमरेला पदर खोचला आणि वाकून गोळा करायला लागल्या. मी म्हणाले आई तुम्ही बसा, गुडघे दुखतील, तर म्हणाल्या, "माहेरचं अंगण आहे, झाडायला नको?" मग आम्ही तिघींनी मिळून केलं. तिथे कॉलेजची सात-आठ मुलं होती, ती आधी नुसती बघत होती, मग त्यातला एक आला, मग सगळेच आले. सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या कुठूनतरी मिळाल्या त्या भरल्या, आणि त्या पोरांनीच खाली नेल्या, नाक्यापर्यंत. त्या पोरांना देव भरभरून देवो.

काही वर्षांपूर्वी गडावर गाडीरस्ता न्यायचं चाललं होतं. नाशिकमधल्या पर्यावरणप्रेमींनी जोरात विरोध केला. मला आधी वाटायचं की झाला तर काय हरकत आहे, आईंसारख्यांना जाता येईल. तळ्याच्या काठी बसून मी आईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं रस्ता झाला असता तर मी कधीच येऊन गेले असते, आणि तळं बघायला काही शिल्लक राहिलं नसतं. नाक्यापासून एवढा चढ आहे म्हणून कोणी कोणीच येतंय, तरी ही पाकिटं. गाड्या आल्या तर?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ज्याला नाही जमणार त्याने लांबून हात जोडावे. मी सत्तेचाळीस वर्षं जोडलेच ना."

तासभर बसलो असू. आईंनी पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला, कुशावर्ताच्या गडूतलं थोडं पाणी तळ्यात सोडलं. का ते सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. सीता गुंफा बघितली, आत भिंतीवर कोरलेल्या आकृत्या आहेत. बालेकिल्ला मात्र सोडला, गुडघ्यांनी आता बास म्हटलं होतं.

उतरायला तीन तास लागले. दर दहा-पंधरा पायऱ्यांना थांबत. काठी नाक्यावर परत केली, दादांनी विचारलं दर्शन झालं का, त्यांच्या टपरीवजा शेडमध्ये बसवून आईंना कोरा चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

फाट्यावर एसटीला उभं राहायला लागलं. भाजलेली कणसं घेतली. एसटी आली ती खचाखच, पण एका मुलाने उठून आईंना खिडकी दिली. आई पूर्ण वेळ मागे वळून डोंगराकडे बघत होत्या, संध्याकाळचं ऊन कड्यावर पडलेलं. महिरावणीला गाडी थांबली आणि एक म्हातारी चढली, नऊवारी, डोक्यावर भाजीची रिकामी टोपली. आईंच्या शेजारी जागा करून दिली. आईंच्या पायाचा चिखल, हाताची पट्टी, कपाळाचा शेंदूर बघून तिने विचारलं, "कुठून आली बाय?"

"गडावरून. अंजनीआईच्या इथून."

म्हातारीने टोपली पायाशी ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तळ्याला पाणी किती हाये?"

आई सरळ होऊन बसल्या. "काठोकाठ," म्हणाल्या.